‘तुम्ही ठरवा’ हे उत्तर नाही

माझ्या लॅपटॉपमध्ये ती शीट अजून आहे. नाव ‘राजस्थान फायनल ३’. मारुंजीतल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून, ऑफिसचे कॉल म्यूट करून, तीन रात्री जागून मी ती बनवली होती. कॉलम होते तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, हॉटेल, खर्च. हिरव्या रंगात बुकिंग झालेलं, पिवळ्यात बाकी. माणसं नऊ. सगळ्यात लहान माझी मुलगी, वय ५. सगळ्यात मोठी माझी आजी, वय ७८. पहिला दिवस मारुंजी ते अहमदाबाद, साधारण ६६० किलोमीटर. दुसरा दिवस अहमदाबाद ते जैसलमेर, साधारण ५३०. तिसऱ्या दिवशी पहाटे डेझर्ट नॅशनल पार्क. शीट ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. काकांनी ‘एक नंबर’ लिहिलं. आजीकडे फोन नाही, म्हणून तिला तोंडी विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही ठरवा. मला काय कळतंय त्यातलं.”

मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जैसलमेरमध्ये गाडीतून उतरताना आजीचा तोल गेला. अंग तापलेलं, बोलणं अडखळणारं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आज पाणी किती प्यायल्या?” कुणालाच माहीत नव्हतं. आईला थोडा अंदाज होता, पण ती खाली बघत होती. मग आजीच पुटपुटली, “सकाळी चहा घेतला की.” आदल्या दिवशी पहाटे चारला घर सोडल्यापासून तिने पाणी जवळजवळ बंदच केलं होतं. रस्त्यात जायला कुठे मिळेल, न मिळेल. मिळालं तर बसता येईल का, बसलं तर उठता येईल का. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं. दोन दिवस सलाइन लागलं. लघवीचा संसर्गही निघाला.

मी तेव्हा एक भयंकर वाक्य बोललो. “आजी, सांगायचं ना मग!”

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

*

सांगायचं ना मग, असं आपण ज्यांना म्हणतो त्यांना आयुष्यभर कुणी काही विचारलेलं नसतं. माझ्या आजीचं लग्न दुसऱ्यांनी ठरवलं, गाव दुसऱ्यांनी ठरवलं, जमीन कधी विकायची आणि पोराकडे राहायला कधी जायचं तेही दुसऱ्यांनीच ठरवलं. साठ वर्षं जिने ‘तुम्ही ठरवा’ एवढंच म्हणायचं, तिने एका संध्याकाळी माझ्या लॅपटॉपकडे बघून “बाळा, दर दीड तासाला मला लघवीला थांबावं लागेल” असं जाहीर सांगावं, अशी माझी अपेक्षा होती. तेही मुलगा आणि पुतण्यासमोर. ‘तुम्ही ठरवा’ ही संमती नाही, ती सवय आहे. आणि त्या सवयीचा फायदा आपण घेतो, कारण त्यामुळे शीट लवकर पूर्ण होते.

या वाक्याची आणखी भावंडं आहेत. ‘मला काही नको.’ ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते.’ ‘माझ्यामुळे थांबू नका.’ प्रत्येक मराठी घरातल्या प्रत्येक सहलीत ही वाक्यं ऐकू येतात. आपण त्यांचा शब्दशः अर्थ घेतो, कारण तो सोयीचा असतो. सॅन होजेला असलेले आपले दादा-वहिनीही तेच करतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना ते युटाची उद्यानं दाखवायला नेतात. तिकडे मोठ्या उद्यानांत स्वच्छतागृहं असतात, पिण्याचं पाणी असतं, झायनमध्ये तर २००० सालापासून दरीत फिरायला शटल बस आहे. सोय सगळी आहे. तरीही पार्किंगमध्ये गाडीच्या काचेआड साडीतली एक बाई बसलेली असते आणि तिची मुलं वर कुठल्यातरी कमानीखाली फोटो काढत असतात. म्हणजे प्रश्न फक्त स्वच्छतागृहाचा नाही. आपण आपल्या वडीलधाऱ्यांना सोबत नेत नाही, ‘फिरवून आणतो’. या क्रियापदाकडे जरा बघा. बाळाला बागेत फिरवून आणतात. कुत्र्याला फिरवून आणतात. आईबाबांना राजस्थान फिरवून आणलं, असं आपण अभिमानाने रीलखाली लिहितो.

*

आता आजीबद्दल एक गोष्ट, जी त्या तीन रात्रींत मला ठाऊक असायला हवी होती.

आमची ही सगळी धावपळ एका पक्ष्यासाठी होती. डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे; आत अनेक गावं आणि ढाण्या आहेत, शेळ्यामेंढ्या चरतात. तिथे गोडावण राहतो. राजस्थानचा राज्यपक्षी. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सगळ्यांत जड पक्ष्यांपैकी एक. आता जंगलात दीडशेच्या आसपासच उरला आहे असं मानतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. समोरचं नीट दिसत नसल्यामुळे आणि जड अंगामुळे चटकन वळता येत नसल्यामुळे हे पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात. तारा जमिनीखालून न्याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला, २०२४ च्या मार्चमध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून गोडावणाचं पिल्लू जन्मलं. हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. मुलीला सांगायचं म्हणून वेगळी नोंदवहीच केली होती.

दवाखान्यात दुसऱ्या रात्री आजीला जरा बरं वाटलं. बाकीची मंडळी त्या पहाटे पार्कात जाऊन आली होती, गोडावण दिसला नव्हता. मी तिला मोबाइलवर पक्ष्याचा फोटो दाखवला. ती म्हणाली, “हा तर हूम.”

मराठीत त्याला माळढोक म्हणतात हे मला माहीत होतं. हूम हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आजीचं माहेर सोलापूरजवळ, नान्नजच्या बाजूचं. लहानपणी ती माळावर शेळ्या घेऊन जायची. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून आवाज काढायचा. “लांबून कुणीतरी रिकाम्या घागरीत बोलतंय असं वाटायचं. हूम्. म्हणून हूम.” ते किती असायचे, कुठे बसायचे, कुत्रं दिसल्यावर कसे आधी चालायचे आणि अगदीच जवळ आलं की मग उडायचे, हे तिने सलाइनच्या बाटलीखाली पडल्या पडल्या सांगितलं.

गाडीतल्या नऊ माणसांपैकी तो पक्षी आयुष्यात पाहिलेलं एकच माणूस होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि तेच माणूस दवाखान्यात होतं.

*

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण ते माझेच होते.

पहिला: ‘सुट्टीच नऊ दिवसांची. दर दीड तासाला थांबलो तर पोचणार कधी?’ आक्षेप खरा आहे. हिंजवडीत काम करणाऱ्याला सुट्टी कशी मिळते हे मारुंजीत राहणाऱ्याला सांगायला नको. लक्ष्मी चौकातून घरी पोचायलाच आपला अर्धा जन्म जातो. पण दिवस कमी असतील तर अंतर कापा, थांबे कापू नका. अहमदाबादपर्यंत रात्रीची रेल्वे आहे. त्यात झोपायला जागा असते, स्वच्छतागृह असतं, ड्रायव्हरला पहाटे चारपासून जागावं लागत नाही. पुढे गाडी करा. ‘पण मग ती रोड ट्रिप कसली?’ हे सोवळं कुणी लावलं? आपल्या चाकांवर सगळा रस्ता काटला पाहिजे हा हट्ट रीलसाठी आहे, आजीसाठी नाही. किंवा जैसलमेर सोडाच, कच्छच्या छोट्या रणात थांबा. घुडखर म्हणजे रानगाढवांचं ते अभयारण्य जवळजवळ ४,९५४ चौरस किलोमीटरचं आहे आणि अहमदाबादहून दोन-तीन तासांवर आहे. पावसाळ्यात ते बंद असतं, १६ ऑक्टोबरपासून उघडतं. सपाट, उघडं मैदान. गाडीत बसूनही सगळं दिसतं.

दुसरा: ‘इतकं जपायचं असेल तर म्हाताऱ्या माणसांना न्यायचंच कशाला? घरी आरामात राहू देत.’ हा आक्षेप काळजीचं सोंग घेऊन येतो, म्हणून जास्त वाईट. म्हातारी माणसं प्रवास करू शकत नाहीत, हे महाराष्ट्रात राहून कुणी म्हणावं? आमच्या मारुंजीपासून देहू हाकेच्या अंतरावर. दर वर्षी जेष्ठ-आषाढात सत्तरीपुढच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन देहू-आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि अडीच-तीन आठवडे. मी ते अंतर पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी उरकलं होतं. पण वारीचा बेत बघा. मुक्काम ठरलेले, दुपारचा विसावा ठरलेला, पाण्याचा टँकर पालखीबरोबर चालतो, दिंडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की पुढे कुठे टेकायचं आहे. विसावा हा वारीत उशीर मानला जात नाही, तो कार्यक्रमाचाच भाग असतो. शौचालयांची आबाळ तिथेही वर्षानुवर्षं होती आणि बायकांनी ती सोसली. अलीकडे मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी राहू लागली, ती कुणीतरी ती गरज मोठ्याने बोलल्यावरच. अनेक पिढ्यांना एकत्र घेऊन लांबचा प्रवास कसा आखायचा, याचं शास्त्र आपल्या दारातून जातं. आपण ते सोडून रीलमधल्या तीस सेकंदांच्या ‘अल्टिमेट आयटिनररी’ची नक्कल करतो.

तिसरा आक्षेप जरा चलाखीचा: ‘त्यांच्या वेगाने गेलो तर आम्हाला काय बघायला मिळणार?’ इथे मला तुमच्याशी खरं भांडायचं आहे. कारण वाळवंटाच्या बाबतीत हे साफ उलटं आहे.

माझी शीट कुणाच्या घड्याळावर होती ते सांगतो. आठला उठायचं, हॉटेलचा नाश्ता साडेदहापर्यंत, मग निघायचं, भर दुपारी उन्हात गाडी पळवायची, संध्याकाळी समच्या टेकड्यांवर जीप उडवायची, रात्री तंबूत डीजे. पार्काची एक पहाट सोडली तर सगळे दिवस असेच. आजीचं घड्याळ वेगळं. पाचला जाग. सकाळी दोन तास ती एकदम तरतरीत. अकरानंतर सावली शोधते, जेवून आडवी होते. चारनंतर पुन्हा बाहेर. आठला जेवण, नऊला झोप.

आता वाळवंटातल्या प्राण्यांचं घड्याळ लावा. चिंकारा सकाळी आणि संध्याकाळी चरतो. दुपारी खेजडीच्या सावलीत उभा. कोल्हा पहाटे आणि सांजेला. गोडावणही सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर हिंडतो, दुपारी झुडपाच्या आडोशाला बसून राहतो. म्हणजे वाळवंटाची दिनचर्या आणि आजीची दिनचर्या एकच आहे. चुकीच्या वेळेवर आपण असतो. आजीच्या हिशेबाने आखलेली सहल ही जंगल बघण्यासाठीची जास्त चांगली सहल असते. तिला ‘सांभाळून घेणं’ वगैरे काही नसतं त्यात. आणि तो डीजे? जमिनीवर अंडं घालणाऱ्या, देशातून संपत आलेल्या पक्ष्याच्या घराच्या उंबऱ्यावर आपण रात्री बारापर्यंत स्पीकर लावतो आणि पहाटे दुर्बीण घेऊन विचारतो, गोडावण का दिसला नाही.

*

मग आखायचं कसं? उपदेश करून पळून जाणारा लेख मला लिहायचा नाही, म्हणून तपशील देतो.

पहिलं, बैठकीत लॅपटॉप बंद. ‘कुठे जायचं’ हा प्रश्न नंतर. आधी प्रत्येकाला, एकेकट्याला विचारायचं. बाईमाणसाला शक्यतो बाईने विचारायचं. किती वेळ सलग बसवतं? खाली बसता येतं की कमोडच लागतो? रात्री किती वेळा उठावं लागतं? ‘काही त्रास नाही’ हे उत्तर मान्य करायचं नाही. आमच्या घरात नंतर हे विचारलं तेव्हा कळलं की त्या दोन दिवसांत गाडीतल्या पाच मोठ्या बायकांपैकी चौघींनी पाणी तोडलं होतं. त्यात माझी बायकोही होती. ती तेहेतीस वर्षांची आहे. म्हणजे हा म्हातारपणाचा प्रश्नच नाही. गाडीत पुढे बसून नकाशा हातात धरणाऱ्याला रस्त्याची कुठलीही कड चालते, हा प्रश्न आहे. तो पुढे बसलेला मीच.

दुसरं, औषधं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. प्रवासाच्या दिवशी कित्येक ज्येष्ठ ती गोळी गुपचूप टाळतात, किंवा गोळी घेतात आणि पाणी टाळतात. दोन्ही धोक्याचं. निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून नेमकं हेच विचारायचं, नुसतं ‘प्रवास चालेल का’ नाही.

तिसरं, सामान. घडीची कमोड खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते आणि गाडीच्या मागच्या बाजूला मावते. आम्ही नऊ माणसांसाठी तीन ट्रायपॉड नेले होते, ही खुर्ची नेली नव्हती. सफारीच्या उघड्या जीपची पायरी उंच असते, तिच्यासाठी एक लाकडी पाट. जानेवारीतल्या पहाटे वाळवंटात थंडी एक आकडी होते आणि उघड्या जीपमध्ये वारा कापतो, म्हणून कानटोपी आणि गोधडी. गोधडीला हसू नका, तुमच्या ब्रँडेड जॅकेटपेक्षा ती जास्त माणसांना पुरते.

चौथं, दिवसाला गाडीत पाच तास, त्यापेक्षा जास्त नाही. ड्रायव्हरदादांनाही हे विचारायचं. त्यांनी दोन दिवसांत जवळपास बाराशे किलोमीटर गाडी हाकली होती, माझ्या शीटमध्ये त्यांच्या झोपेचा कॉलम नव्हता. आणि पहाटे तीनला उठून नऊ जणांच्या दशम्या आणि चटणी कोण बांधतं, तेही लिहायचं. आमच्याकडे ते आई आणि काकू होत्या. ‘घरचं खाणं असलं की बरं’ असं म्हणणारा मात्र पावणेचारला उठला होता.

*

परत आल्यावर दीड महिन्याने आम्ही एक सहल केली. आजीने ठरवलेली. तिला पहिल्यांदा खरंच विचारलं तर तिने जैसलमेरचं नाव घेतलं नाही. म्हणाली, “नान्नजला जाऊ. माळ बघू.”

सोलापूरपर्यंत रेल्वेने गेलो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. गावं, रस्ते, शेतं सगळं आत. लोकांचा राग साहजिक होता. २०१२ च्या सुमारास ते कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. माळढोक मात्र तोपर्यंत जवळजवळ गेलेच होते. माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो, आणि पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. खरं तर तिथे गवत असतं, काळवीट असतात, लांडगे असतात, धनगरांच्या वाटा असतात. ज्याला आपण रिकामं म्हणतो तिथे कुणीतरी राहत असतं. हे माळाबद्दल जितकं खरं, तितकंच ‘आजीला काय, रिकामीच असते’ या वाक्याबद्दल.

माळढोक दिसला नाही. दिसेल असं कुणी समजूनही गेलं नव्हतं. आजी पाटावर पाय ठेवून गाडीतून उतरली आणि खुर्ची टाकून गवताकडे तोंड करून बसली. दर तासाला पाणी प्यायली. काळविटांचा एक कळप लांबून गेला. माझ्या मुलीने विचारलं, “पणजी, हूम कसा ओरडायचा?” आजीने इकडेतिकडे बघितलं, माझे बाबा आणि काका जवळ नाहीत याची खात्री केली, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तो आवाज काढून दाखवला. खोल, घागरीतल्यासारखा. मुलीने तो लगेच उचलला. आता आमच्या अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत तो आवाज अधूनमधून घुमतो आणि शेजारचे विचारतात की हे काय आहे.

डेझर्ट नॅशनल पार्क राहिलंच आहे. या हिवाळ्यात पुन्हा जायचं ठरतंय, रेल्वेने अहमदाबाद, मग तीन मुक्काम करत पुढे. नवी शीट आहे, पण ती मी बनवलेली नाही. आजी सांगते, माझी बायको लिहिते. परवा मी मधे बोलायला गेलो तर आजी म्हणाली, “तू गप रे. आम्ही ठरवतोय.”